अप्पांची माती स्टेडियमला गेली

त्या स्टेडियमचं नाव मी लिहिणार नाही. उगाच आमच्या भावकीतला कोणी उठायचा आणि तिथं जाऊन बेल-विभूती वाहत बसायचा. आमची माणसं काय करतील याचा नेम नाही, हे मी जन्मभर बघत आलेय. एवढंच सांगते, की ते एका मोठ्या शहरातलं स्टेडियम होतं. आपल्याकडं पहिल्यांदाच वर्ल्डकप भरायचा होता म्हणून ठिकठिकाणची मैदानं नटवणं चाललं होतं, आणि त्या मैदानाच्या मधोमध, जिथं चेंडू टप्पा खातो तिथं, आमच्या बोरीच्या शेतातली माती पडली आहे. हे कुणाला सांगितलं की माणूस म्हणतो, अगं बाई, केवढी मोठी गोष्ट! मी गप्प बसते. त्या मोठ्या गोष्टीपायी आमच्या घरात जे महाभारत झालं ते सांगायला बसलं, तर मधे पाणी प्यायला उठावं लागतं, आणि माझे गुडघे आता सुखासुखी उठू देत नाहीत.

घरात तेव्हा आम्ही चौघंच. अप्पा म्हणजे माझे आजोबा, आई, बसूकाका आणि मी. वडील पूर्ण्याला रेल्वेत होते. सुट्टी मिळाली की यायचे, अंगाला कोळशाचा वास घेऊन, आणि जेवून झोपायचे. त्यांना घरातलं काही सांगायला जावं तर ते घोरत असायचे. शेत बघायचा तो बसूकाका, वडिलांचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा. त्याला दोनच गोष्टींचं वेड होतं, बैलांचं आणि क्रिकेटचं. औत हाणताना त्याचा ट्रान्झिस्टर बैलाच्या जुवाला बांधलेला असायचा. सेल उतरले की ते माळवदावर उन्हात ठेवायचा, म्हणजे पुन्हा थोडे चालायचे. लांबून शेताकडं बघितलं आणि औत मधेच थांबलेलं दिसलं, की आई म्हणायची, "गेली वाटतं विकेट." बॅट त्यानं आयुष्यात हातात धरली नव्हती. पण कुठल्या मैदानावर चेंडू वळतो आणि कुठल्या मैदानावर उसळतो, हे तो आम्हाला भाकरी खाता खाता सांगायचा, आणि आम्ही अंबाडीच्या भाजीवर तेल ओतत हूं हूं करायचो.

मी परभणीच्या कॉलेजात नाव घालून घरी बसलेली. विद्यापीठाच्या नामांतराचे ते दिवस. आज बंद, उद्या मोर्चा, परवा एस.टी.च्या काचा फुटल्या. एक दिवस आईनं माझी पिशवी खुंटीला टांगली आणि म्हणाली, "निवळू दे, मग जा." ते निवळेपर्यंत माझं लग्न होऊन मांडीवर पोर आलं होतं. त्या एका नावासाठी बाहेर लोकांची घरं जळून गेली होती, माणसं तुरुंगात जात होती, आणि आमच्या घरात भांडण कशावरून, तर मातीवरून. लिहितानाही जीव ओशाळतो. पण माझ्या वाट्याला आलं ते हेच, मग दुसरं कुठून आणू?

आता अप्पांचं सांगते. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन, खड्ड्यात बसवतात आणि जी माती काढली तीच वरून लोटतात. पोरानं पहिली मूठ टाकायची, मग बाकीच्यांनी. आमच्या घरच्या माणसांची जागा शेतातच, विहिरीच्या वरच्या अंगाला, बेलाच्या झाडाखाली. तिथं पणजोबा-पणजी, आणि त्यांच्या अलीकडं माझी आजी, गिरजाबाई. आजीच्या जागेवर एक ओबडधोबड दगड. दगडाच्या उगवतीला पणजी, आणि मावळतीला जराशी मोकळी जागा. त्या तुकड्यावर कधी औत गेलं नाही, कधी खत पडलं नाही, कुणी कुदळ मारली नाही. अप्पा रोज दुपारची भाकरी तिथं नेऊन खायचे. दगडाला पाठ टेकून बसायचे आणि ठेच्यासंगं भाकरी मोडायचे. जेवण झालं की हाताच्या पंजानं ती मोकळी जागा झाडायचे. पालापाचोळा राहू द्यायचे नाहीत.

ती जागा कशासाठी आहे, हे अप्पांनी सांगितलं नव्हतं असं नाही. शंभरदा सांगितलं असेल. पण म्हाताऱ्या माणसानं मरणाचा विषय काढला की आपल्याकडं काय करतात? त्याचं तोंड धरतात. अप्पांनी नुसतं "माझं काही झालं तर मला तिथं..." एवढं म्हणावं, की आई पळीचा आवाज करायची. "काय बी बोलू नगा मामंजी, तिन्हीसांजेला." बसूकाका म्हणायचा, "अप्पा, तुमी शंभर वर्सं जगताव." मी म्हणायचे, "पुरे हं अप्पा, मी उठून जाईन." प्रेमानंच म्हणायचो की. त्यामुळं त्यांचं ते वाक्य कधी पुरं झालंच नाही. सगळ्यांनी अर्धं ऐकलं होतं. त्या अर्ध्या वाक्यानं पुढं आमचा सगळ्यांचा जीव खाल्ला.

वर्ल्डकपच्या आदल्या उन्हाळ्यात एक साहेब गावात आले. पिचवाले साहेब म्हणायचो आम्ही त्यांना. त्यांना स्टेडियमच्या पिचसाठी काळी माती पाहिजे होती. चांगला माणूस होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. डोक्याला रुमाल बांधून जिंतूरच्या अंगाची गावं पालथी घालत होता. जिथं जाईल तिथली माती घ्यायचा, पाण्यात भिजवायचा आणि तिचे लाडू वळायचा. लाडू वाळले की उंचावरून खाली टाकायचा. जो फुटणार नाही त्याची माती खरी. बसूकाकानं त्याला आमच्याच घरी उतरवलं. झालं! आमचं माळवद लाडवांनी भरून गेलं. कुरडया वाळत घालायला जागा उरली नाही. आई बेजार. "भाऊजी, ह्या पावण्याला म्हणावं बुंदीचे बी वळून जा," असं म्हणायची. रोज सकाळी वरून धप, धप आवाज यायचे आणि अंगणात ढेकळं फुटायची. झाडायला मी होतेच.

आमच्या शेताची माती बरी निघाली, पण साहेबांचं समाधान होईना. त्यांना खत न पडलेली, औत न लागलेली, मुळं नसलेली माती पाहिजे होती. म्हणाले, "नांगरलेल्या रानात मजा नाही. कोरी पाहिजे." कोरी! पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्या मुलखात कोरी माती कुठून आणायची? आख्ख्या शिवारात औत न लागलेला तुकडा कुठं असेल तर तो समाधीचाच. आणि बसूकाकाच्या डोक्यात नेमकं तेच आलं. त्यानं साहेबांना बेलाखाली नेलं. लाडू वळला, वाळवला, माळवदावरून टाकला. फुटला नाही. पुन्हा टाकला. बसूकाकानं तो उचलून चेंडूसारखा हातात घोळवला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. साहेब पैसे द्यायला लागले तर म्हणाला, "देशाच्या कामाला पैसे घेताव का आमी?"

अप्पा तेव्हा घरी नव्हते. चुडाव्याला आत्याकडं गेले होते, पाय दुखत होते म्हणून तिकडच्या वैद्याचं तेल लावायला. ते असते तर हे झालंच नसतं, हे मी पुढं आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा वीट आला. ट्रक आला. बसूकाका समोर उभा राहून माती काढवून घेत होता. आपण काय करतोय याचं त्याला भान नव्हतं असं म्हणू नका. भान होतंच. आजीच्या दगडाला त्यानं हळदकुंकू वाहिलं, दगडापासून हातभर जागा सोडायला लावली, पणजोबांच्या बाजूला तर माणसं फिरकूच दिली नाहीत. माती काढली ती फक्त मावळतीच्या मोकळ्या जागेतली. तिथं कुणीच नव्हतं. त्याच्या हिशेबानं ती रिकामी होती. संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणाला, "वैनी, कुणालाच धक्का लावला न्हाई बगा."

अप्पा परत आले. घरी पाय धुतले, चहा घेतला आणि सवयीप्रमाणं काठी टेकत शेताकडं गेले. त्यांच्यामागून भाकरी घेऊन मी गेले. बघते तर अप्पा खड्ड्याच्या काठावर उभे. हातातली काठी खड्ड्यात पडलेली. मला वाटलं चक्कर आली. मी धरायला गेले तर हात झिडकारला. मग म्हणाले, "कुठं गेली गं इथली माती?" मी सांगितलं. वर्ल्डकप म्हणजे काय ते सांगितलं, स्टेडियम म्हणजे काय ते सांगितलं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, ती माजी जागा व्हती. गिरजेच्या शेजारची." त्या दिवशी ते वाक्य पहिल्यांदा पुरं झालं. तोंड धरायला तिथं कुणी नव्हतं, आणि मीही ते धरलं नाही.

बसूकाका धावत आला. पायावर डोकं ठेवलं, रडला. "अप्पा, उंद्याच्याला गाडीनं माती आणून भरतो. आपल्याच रानातली आणतो." अप्पा त्याच्याकडं न बघता मला म्हणाले, "त्याला म्हणावं, खड्डा भरायचा न्हाई. खड्डा तर लागनारच हाय. मला बसायला जागा हाय, पांघरायला माती न्हाई. जी निगाली तीच वर पडावी लागती. दुसरी शेनखताची माती अंगावर घ्यायला मी काय वांगं हाय का?" मला त्याही वेळी हसू आलं. मी मेलीनं ओठ चावला. बसूकाका मात्र तिथंच मटकन बसला.

त्या दिवसापासून अप्पा बसूकाकाशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, शिव्या नाहीत. समोरच्या माणसाला नुसतं पुसून टाकलं. आणि दोघांच्या मधे मी. "नंदे, त्याला म्हणावं पेंड संपली." "काका, अप्पा म्हणतात पेंड संपली." "अप्पांना सांग, आणली." "अप्पा, आणली म्हणतात." दोघंही एकाच ओसरीत बसलेले, एकमेकांचं धडधडीत ऐकू येतंय, आणि तरी मी आपली टपालाच्या माणसासारखी इकडून तिकडं. जेवायला बसले तरी तेच. वरण वाढू का, हेसुद्धा माझ्या तोंडून. सहा माणसांची भाकरी बडवली असती तर एवढी दमले नसते. अजूनही घरात दोन माणसं अबोल्यानं बसली की माझं डोकं धरतं. सुना म्हणतात, आईंना भांडण सहन होत नाही. भांडण होतं गं, अबोला सोसत नाही.

बसूकाका खंगला. ट्रान्झिस्टर जुवावरून उतरला आणि कोनाड्यात गेला. त्या वर्षी पाऊसही रुसलेला. खड्ड्यात पाणी साचलं नाही, नुसत्या भेगा पडल्या. अप्पा रोज भाकरी घेऊन जायचे, आता खड्ड्यात पाय सोडून बसायचे. अंगात बारीक ताप असायचा. आई चोरून रडायची. तिची भीती साधी होती आणि ती तिनं मला उघड सांगितली. अप्पा असेच गेले, तर पहिली मूठ टाकायला बसूभाऊजींना जवळ येऊ देणार नाहीत, तसं कुणाला तरी सांगून ठेवतील. मोठ्या मुलाच्या बरोबरीनं धाकट्याचीही मूठ लागते आमच्यात. बापानं मूठ नाकारली तर माणसानं तोंड कुठं दाखवायचं? भावकी तर टपलेलीच असते.

मग वर्ल्डकप आला. आणि काय सांगू, त्या स्टेडियमच्या वाट्याला एकच सामना आला, तोही आपल्या देशाचा नव्हे! कुठले तरी दोन परके संघ. बसूकाकानं ते पेपरात वाचलं आणि पेपर घडी करून मला परत दिला. एवढं सगळं ज्याच्यासाठी केलं, ते आपले खेळाडू त्या मातीवर पायसुद्धा ठेवणार नव्हते. त्याची मला खरंच दया आली.

सामन्याच्या दिवशी अप्पा सकाळीच पटका बांधून तयार. "पोरी, टीव्ही कुठं हाय गावात?" पेठेत एका किराणावाल्याकडं होता, काळा-पांढरा. मी त्यांना घेऊन गेले. दुकानात माणसं कमीच होती, परक्यांची मॅच कोण बघतो! अप्पांना पोत्यावर बसवलं. खेळ काय चाललाय ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. चेंडू सीमेकडं गेला की सगळ्यांच्या माना तिकडं, अप्पांची नजर मधल्या पट्टीवर. "हीच का गं?" "हीच, अप्पा." "लय पांढरी दिसायलीय." "टीव्हीत तसंच दिसतंय." गोरी दांडगी माणसं धावत यायची आणि पाय आपटायची. प्रत्येक आपटण्याला अप्पांचा गुडघा हलायचा. चला म्हटलं तर उठेनात. तेवढ्यात एका खेळणाऱ्याच्या पोटरीत गोळा आला असावा. त्यानं बॅट टाकली आणि तो तिथंच, पट्टीच्या मधोमध, खाली बसला. चांगली मांडी घालून बसला हो. आजूबाजूला माणसं जमली, कुणी पाणी आणलं. अप्पा पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, "बसला बग. माज्या आदी." किराणावाला हसला, त्याला काय ठाऊक. मी अप्पांचा हात धरला तेव्हा तो थंडगार होता.

घरी येऊन मी ते बसूकाकाला सांगितलं. सांगायला नको होतं असं आई म्हणाली, पण मी थकले होते, कुणाच्या तरी पदरात टाकायचंच होतं. बसूकाका ऐकत राहिला. वर्ल्डकप संपल्यावर एक दिवस म्हणाला, "नंदे, चल. माती घेऊन येऊ." मी म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला? ती काय उसनी दिलेली चहापत्ती आहे? पण त्यानं रिकामं पोतं घडी करून काखेत मारलं होतं. त्याला शहरातल्या माणसांशी बोलायचा धाक वाटायचा आणि मी कॉलेजात नाव घातलेली, म्हणून मी. आईनं दशम्या बांधून दिल्या. रेल्वेत आम्हाला बसायला जागा मिळाली नाही, दारात पोतं अंथरून बसलो.

ते स्टेडियम मला आवडलं नाही. बाहेरून बघावं तर सिमेंटचा मोठा थोरला हौद. आत सगळ्या पायऱ्या रिकाम्या, त्यांच्यावर भुईमुगाची टरफलं, फाटके कागदी झेंडे, चपट्या झालेल्या टोप्या. ऊन तापलेलं आणि माझं डोकं दुखत होतं. एक म्हातारा माळी नळीनं गवताला पाणी मारत होता. त्यानंच आम्हाला आत घेतलं, नाहीतर दारावरच्या माणसानं हाकलूनच दिलं होतं. बसूकाका दोरीपाशी आला आणि त्यानं वहाणा काढल्या. ज्या मैदानांची नावं जपमाळेसारखी घ्यायचा, त्यातल्या एकावर जन्मात पहिल्यांदा उभा होता, आणि खाली मान घालून, हातात पोतं. मी माळ्याला सगळं सांगितलं. समाधी, खड्डा, अप्पा. त्याची बोली आमच्या कानाला ओळखीची, अर्धी मराठी अर्धी दख्खनी. त्यानं नळी खाली टाकली. "तोबा! बुढ्याची कबर इथं आनली का तुमी?"

त्यानं आम्हाला पट्टीपाशी नेलं. बसूकाका खाली बसला, हात लावला. फरशीसारखी घट्ट. नखसुद्धा शिरेना. माळी म्हणाला, "रोलर फिरलाय बाबा. आता पहार मारली तरी निगनार न्हाई, आन मारली तर माजी नोकरी जाईल." बसूकाका उठेना. दोन्ही हात पट्टीवर ठेवून तसाच बसून राहिला. त्याच्या पाठीकडं बघून माळ्याच्या मनात काय आलं कोण जाणे. कडेला एक बादली झाकून ठेवलेली होती, ती घेऊन आला. चेंडू टाकणाऱ्यांच्या पायानं जिथं पट्टी उखडते, तिथली फुटलेली माती झाडून तो त्या बादलीत ठेवायचा, पुन्हा भिजवून खड्डे लिंपायला. "ही घ्या. खास पट्टीवरची हाय. पन एवडीच." एवढ्याला पोतं कशाला लागतं, बसूकाकानं उपरण्याच्या टोकात बांधली. दोन मुठी असेल नसेल. परतीच्या वाटेवर ते गाठोडं मांडीवर धरून बसलेला तो, आणि शेजारी मी दशम्या चावत. मला वाटत होतं, एवढा आटापिटा करून आणलं काय तर चिमूटभर. आता अप्पा तोंड फिरवतील आणि हा माणूस विहीर जवळ करेल.

अप्पा ओसरीत पडून होते. बसूकाकानं गाठोडं त्यांच्या उशाशी सोडलं आणि मागं सरकून उभा राहिला. मी सवयीनं बोलायला तोंड उघडलं, "अप्पा, काका म्हणतात..." अप्पांनी हातानं मला थांबवलं. उठून बसले. चिमूट घेतली, बोटांत चुरली, वास घेतला. एक खडा काही केल्या फुटेना. तो तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले. "लय तुडवली रे हिला," म्हणाले. मग मान वर करून सरळ बसूकाकाकडं बघितलं, आणि विचारलं, "कोन जिंकलं रे?"

एवढ्या महिन्यांनी पहिला शब्द, आणि तो हा. आई चुलीपुढून उठून दारात आली. बसूकाका एक पाऊल पुढं आला. "आपले नव्हतेच अप्पा तिथं. दुसरेच खेळले."

"म्हंजी तुजं बी न्हाई झालं, आन माजं बी न्हाई." अप्पा थोडं हसले. बसूकाकानं मान खाली घातली. "अप्पा, दोनच मुठी हाय. खड्डा भरायचा न्हाई एवढ्यात." तर म्हणाले, "खड्डा लोकं भरत्यात रे. कसली बी लोटत्यात, त्यांना घरी जायची घाई असती. पोराची मूठच तेवढी खरी लागती. ती हाय की." मग मला म्हणाले, "नंदे, पानी आन. त्याच्यासाठी बी आन." मी आत गेले आणि माठापाशी उभी राहून हमसून हमसून रडले. त्यांच्यासाठी नाही. मला कुणाचा निरोप पोचवायचा नव्हता, त्यासाठी.

अप्पा पुढच्या पेरण्या बघायला राहिले नाहीत. त्यांना त्याच खड्ड्यात बसवलं, आजीच्या शेजारी, खणायचं कामच नव्हतं. पूर्ण्याहून वडील आले, त्यांनी मूठ टाकली. मग बसूकाकानं उपरणं सोडलं, एक मूठ घेतली, खाली वाकून अप्पांच्या मांडीवर अलगद ठेवली, आणि उरलेली पुन्हा बांधायला लागला. मी म्हटलं, काका, कामून ठेवायलाव? सगळी टाका की. तर गाठ मारत म्हणाला, "मला कोन हाय टाकायला? तू टाकशील." आणि मीही तेच केलं जे आमच्याकडं करतात. म्हटलं, काय बी बोलू नका. पण या वेळी वाक्य पुरं झालेलं होतं.

आई गेली, वडील गेले. बसूकाका मात्र खूप जगला, शेवटी शेवटी एकटाच. गेल्या वर्षी निरोप आला तेव्हा मी गुडघे बांधून बोरीला गेले. ट्रान्झिस्टरच्या मागं, कोनाड्यात, ते गाठोडं होतं. उपरणं विरून गेलं होतं, गाठ सोडायला गेले तर कापडच फाटलं. बेलाखाली भावकीनं सगळं नीट केलं. बसवलं, विभूती लावली, स्वामींनी मंत्र म्हटले. मागं उभ्या असलेल्या माणसांतून मधेच एक दबका ओरडा आला. बघते तर तिघं-चौघं एका मोबाइलवर मॅच बघायलेत. माझं डोकंच फिरलं. मेल्यांनो, इथंसुद्धा? शिव्या अगदी ओठावर आल्या होत्या. पण हातात ती माती होती, आणि त्यातला न फुटणारा खडा तळव्याला टोचत होता.

मी विचारलं, "कोण खेळायलंय रे?"

"आपलेच, आत्या," एक जण मोबाइल लपवत म्हणाला.

मला वाकता येत नाही आता. दोघींनी धरलं तेव्हा खड्ड्याच्या काठाशी टेकता आलं. म्हटलं, "काका, आज आपलेच खेळायलेत." आणि मूठ सोडली.